'चेक' : शब्द एक की चार?

काना_मात्रा
शर्टावरचे चेक्स, बँकेचा चेक, 'जरा चेक कर' आणि बुद्धिबळाच्या पटावरचा चेक. चार ठिकाणी चार अर्थ, पण शब्द तोच. बरेच जण म्हणतात की हे योगायोगाने सारखे दिसणारे वेगवेगळे शब्द आहेत. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं की हा एकच शब्द आहे, त्याची सुरुवात पटावर झाली आणि पटावरचा तो मूळ शब्द आपल्या मराठीत 'शह' म्हणून आजही नांदतो आहे. प्रश्न दोन आहेत. 'शह' पासून 'तपासणे' पर्यंतचा प्रवास कोणत्या टप्प्यांनी झाला? आणि भाषांतर करताना यातला नेमका कोणता अर्थ समोर आहे हे ओळखायचं कसं? जाणकारांनी लिहावं.

उंटतिरका
बरोबर धरलंय. फारसीत शाह म्हणजे राजा. राजावर हल्ला झाला की समोरच्याला 'शाह!' म्हणून सावध करायचं, म्हणजे 'राजा सांभाळ'. हाच शब्द अरबीतून युरोपात गेला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो 'स्काकुस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एश्चेक' आणि इंग्रजीत सुरुवातीचा 'ए' गळून 'चेक' उरला. ही गळती नवी नाही. 'इस्टेट' आणि 'स्टेट' हे दोन्ही शब्द आपण वापरतो, ते मुळात एकच. एकात सुरुवातीचा स्वर टिकला, दुसऱ्यात गळला.

आणखी एक गंमत. त्या जुन्या फ्रेंच शब्दाचं अनेकवचन 'एश्चेस', त्यावरून इंग्रजी 'चेस'. म्हणजे खेळाचं नाव हे 'चेक' या शब्दाचंच अनेकवचन आहे. जर्मनमध्ये तर खेळ आणि शह दोन्हींना 'शाख' हाच शब्द आहे. रशियनमध्ये खेळाचं नावच 'शाखमाती', म्हणजे शहमात. स्पॅनिशने मात्र वेगळा रस्ता धरला: 'आखेद्रेस' हा अरबी 'शतरंज' वरून आणि शतरंज आपल्या 'चतुरंग' वरून.

पाणपोई
फ्रेंचमध्ये 'एशेक' चा आजचा रोजचा अर्थ अपयश असा आहे. खेळातला शब्द व्यवहारात उतरला की काय होतं त्याचा हा चांगला नमुना. मराठीत 'शह-काटशह' राजकारणाच्या प्रत्येक बातमीत असतो, पण त्याला हार-जीत असा अर्थ नाही. डावपेच असा आहे. एकाच मुळाची दोन भाषांत दोन वळणं.

व्युत्पत्तीवेडा
याच्या मागे आणखी एक पायरी आहे. 'शाह' हा जुन्या फारसीतल्या 'ख्शायथिय' चा झिजलेला अवतार. त्यातला 'ख्शाय' म्हणजे सत्ता असणे, आणि तो संस्कृतातल्या 'क्षत्र' चा सख्खा नातेवाईक. त्याच कुळातून फारसीत 'शह्र' आला, आधी राज्य या अर्थाने आणि मग नगर या अर्थाने. आपलं 'शहर' ते हेच. म्हणजे क्षत्रिय, क्षत्रप, शहर, शह आणि बँकेचा चेक ही सगळी एका घराण्यातली मंडळी. हे एकदा लक्षात आलं की शब्दकोश चाळताना वेगळाच आनंद मिळतो.

दोन_ओळी
मग शाहीरसुद्धा यातलाच?

व्युत्पत्तीवेडा
@दोन_ओळी, नाही. शाहीर हा अरबी 'शाइर' वरून आला. शाइर म्हणजे कवी. त्याचा राजाशी संबंध नाही, उच्चार जवळ आले इतकंच. 'शहाणा' लाही या घरात घेऊ नका, तो 'सज्ञान' च्या बाजूचा.

घोडदौड
'मात' बद्दल दोन मतं आहेत. एक म्हणजे अरबी 'माता', म्हणजे 'मेला'. त्यानुसार शाह मात म्हणजे राजा मेला. दुसरं मत फारसी 'मात' चं: थक्क झालेला, हतबल. मला दुसरं जास्त पटतं आणि कारण खेळाच्या नियमातच आहे. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. तो पटावर उभाच असतो, फक्त त्याला जागा उरत नाही.

शह बसला की सुटायचे मार्ग तीनच. राजा हलवायचा, शह देणारं मोहरं मारायचं, किंवा मध्ये आपलं मोहरं घालायचं. शह घोड्याचा असेल तर तिसरा मार्ग बाद, कारण घोडा उडी मारून येतो, त्याच्या मध्ये काही घालता येत नाही. एकाच वेळी दोन मोहऱ्यांचा शह असेल तर दुसरा आणि तिसरा दोन्ही बाद, राजा हलवावाच लागतो. तिन्ही मार्ग बंद म्हणजे मात. मेला नाही, कोंडला गेला.

या तीन मार्गांत 'चेक' चे पुढचे सगळे अर्थ दडलेले आहेत असं मला वाटतं. शह म्हणजे तुमची चालती योजना तिथल्या तिथे थांबते. आधी शहाचं उत्तर द्या, मग बाकीचं. 'थांबवणे' हा इंग्रजी अर्थ इथूनच निघाला.

दोन_ओळी
इंग्रजी 'मेट' म्हणजे सोबती, तोही हाच का?

घोडदौड
नाही, तो जर्मॅनिक कुळातला. त्याचा संबंध अन्नाशी, 'एका ताटातला' अशा अर्थाशी. दिसायला सारखा, मूळ निराळं.

काना_मात्रा
'थांबवणे' इथपर्यंत पटलं. पण 'थांबवणे' पासून 'तपासणे' कसं झालं?

अर्थछटा
टप्पे असे. मध्ययुगाच्या अखेरीस 'चेक' चा अर्थ हल्ला, आडकाठी, अचानक थांबणं असा पसरला होता. शिकारीत कुत्र्यांना वास लागेनासा झाला आणि ती थबकली की त्याला 'चेक' म्हणत. ससाण्याने ठरलेल्या पक्ष्याचा पाठलाग टाकून भलत्याच पक्ष्यामागे जाणं हेही 'चेक'. घोड्याला मान खाली घालू न देणारा जादा लगाम तो 'चेकरेन'. पुढे १६व्या शतकात अर्थ 'आवर, नियंत्रण' इकडे सरकला. ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचं त्याचा हिशेब दुसऱ्या कागदाशी ताडून पाहायचा, चूक किंवा लबाडी तिथेच अडवायची. आणि १७व्या शतकाच्या उत्तरार्धात 'ताडून पाहणे, तपासणे' हा अर्थ स्वतंत्रपणे उभा राहिला.

म्हणजे तपासण्याच्या मुळाशी अडवणं आहे. मराठीत अगदी असाच प्रवास 'पायबंद' ने केला. घोड्याचे पाय बांधायची दोरी ती पायबंद, आणि आज आपण भ्रष्टाचाराला पायबंद घालतो. फक्त आपला पायबंद तपासण्यापर्यंत पोचला नाही, अडवण्यापाशीच थांबला.

हिशेबनीस
आता बँकेचा चेक. इथे लोक हमखास घसरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक्सचेकर, म्हणजे इंग्लंडच्या राजाचं जमाखर्च खातं. जुन्या फ्रेंचमध्ये 'एश्चेकिए' म्हणजे बुद्धिबळाचा पट. (त्यातला 'एक्स' नंतर घुसडलेला आहे, लेखनिकांना वाटलं की सुरुवातीचा 'एस' हा लॅटिन 'एक्स' चा अपभ्रंश असावा.) खात्याला पटाचं नाव का? ११७०च्या दशकात त्या खात्याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने कामकाजाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मेज सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वर ठेवलेलं काही खाली पडू नये. त्यावर काळं कापड, कापडावर रेघा आखून खाने पाडलेले.

खाने उजवीकडून डावीकडे: पेनी, शिलिंग, पौंड, विसा, शेकडे, हजार. समजा शेरीफकडून, म्हणजे राजासाठी परगण्याची वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याकडून, १२३ पौंड ७ शिलिंग ४ पेनी येणं आहे. शेकड्यात १ सोंगटी, विशात १, पौंडात ३, शिलिंगात ७, पेनीत ४. शेरीफने भरलेली रक्कम याच्या खालच्या ओळीत मांडायची आणि खाना खाना वजा करत जायचं. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेनी, म्हणून कमी पडलं तर डावीकडची एक सोंगटी मोडून उजवीकडे आणायची. रोमन अंकांत ही वजाबाकी कागदावर करणं फार जिकिरीचं. मेजावर मात्र लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपलं देणं डोळ्यांनी दिसत असे. फिट्झनील नावाची दोन कारणं देतो: कापड पटासारखं दिसतं, आणि पटावर जशी दोन राजांची लढत तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची.

शर्टावरचे चेक्स याच फांदीचे. पट, मग पटासारखी नक्षी, मग चौकड्यांचं कापड. शर्यतीच्या शेवटी फडकणारं काळं-पांढरं निशाणही तेच.

अर्थछटा
वा! ब्रिटिश पंतप्रधानांच्या 'चेकर्स' या गावाबाहेरच्या निवासाचं नावही १२व्या शतकातल्या एक्सचेकरच्या एका अधिकाऱ्यावरून पडलं असं मानतात.

सिद्धार्थक
@हिशेबनीस, म्हणजे बँकेचा चेक एक्सचेकरवरून आला. माझ्या माहितीप्रमाणे तो अरबी 'सक्क' वरून आला आहे. सक्क म्हणजे पैसे देण्याची लेखी हमी, आणि अरब व्यापाऱ्यांत ती कित्येक शतकं आधीपासून चालत होती. फारसीत तर 'चक' असाच शब्द आहे. उच्चारही जुळतो, अर्थही जुळतो. आणखी काय हवं?

हिशेबनीस
दोन्ही नाही. सक्क होता, चक होता, त्यांचा वापर मोठा होता, यात वाद नाही. पण उच्चार आणि अर्थ जुळले म्हणजे मूळ सापडलं असं होत नाही. मधली साखळी दाखवावी लागते. इंग्लंडमध्ये बँकरच्या नावे लिहिलेल्या अशा चिठ्ठ्या १७व्या शतकात चालत होत्या, १६५९ सालची एक आजही जपलेली आहे. पण तेव्हा त्यांना कोणी चेक म्हणत नव्हतं. शब्द जर वस्तूबरोबर पूर्वेकडून आला असता तर तो त्या चिठ्ठ्यांवर तेव्हाच चिकटायला हवा होता.

१८व्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' हा शब्द दिसतो तो चिठ्ठीसाठी नाहीच. तो दिसतो स्थळप्रतीसाठी, म्हणजे पुस्तकात मागे राहणाऱ्या अर्ध्या भागासाठी. त्यावरून खोटेपणा अडवता येतो म्हणून तो 'चेक'. १७१७च्या सुमारास बँक ऑफ इंग्लंडने क्रमांक घातलेले छापील नमुने खास कागदावर द्यायला सुरुवात केली, हेतू तोच: बनावटगिरीला आळा. पुढे स्थळप्रतीचं नाव हळूहळू फाडून दिलेल्या भागाला लागलं. म्हणजे बँकेचा चेक हा 'तपासणे-अडवणे' या फांदीचा आहे, 'चौकड्या' फांदीचा नाही. एक्सचेकरचा प्रभाव पडला तो फक्त स्पेलिंगवर. शेवटी 'क्यूयूई' लावायची ब्रिटिश पद्धत त्या नावाच्या ओढीने रुळली. अमेरिकेत साधं 'सीके' च राहिलं.

सिद्धार्थक
स्थळप्रतीचा मुद्दा मला माहीत नव्हता. त्याने माझी बाजू लंगडी पडते हे मान्य. तरीही फारसी 'चक' आणि इंग्रजी 'चेक' यांचं इतकं जवळ येणं विलक्षणच.

हिशेबनीस
विलक्षण आहेच. स्थळप्रतीवरून आठवलं: एक्सचेकरमध्ये पावती कागदाची नसे, लाकडाची असे. काडीवर खाचा पाडायच्या. हजार पौंडाला तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एकाला फुगीर जवाच्या दाण्याएवढी, शिलिंगाला त्याहून बारीक, आणि पेनीला लाकूड न काढता नुसता चरा. मग काडी उभी चिरायची, म्हणजे खाचा दोन्ही भागांवर येतात. लांब भाग तो 'स्टॉक', पैसे भरणाऱ्याकडे; आखूड तो 'फॉइल', खात्याकडे. दोन भाग जुळवले की लाकडाचे तंतू आणि खाचा एकमेकांत बसल्याच पाहिजेत. एकट्याने खाच वाढवली तर लगेच उघड. हा पद्धतशीर 'चेक' च आहे. १८२६ साली या काड्या बंद झाल्या, आणि १६ ऑक्टोबर १८३४ रोजी जुन्या काड्यांचा ढीग भट्टीत जाळताना लागलेल्या आगीत ब्रिटिश संसदेची इमारत जळाली.

पाणपोई
आग माहीत होती, कारण माहीत नव्हतं. धागा वाचनखुणांत टाकला.

खिळापाना
मी कारखान्यातल्या शब्दांबद्दल लिहितो, कारण तिथे 'चेक' चा जुना अर्थ जिवंत आहे आणि भाषांतरात नेमका तिथेच घोळ होतो.

चेक व्हॉल्व. याचं 'तपासणी झडप' असं भाषांतर छापलेलं दिसतं. ती काहीही तपासत नाही. ती प्रवाह उलटा फिरू देत नाही. 'एकदिशा झडप' म्हणा. बसवताना अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने हवा. बिजागरीची असेल तर आडव्या पाइपात बिजागरी वरच्या अंगाला हवी. उभ्या पाइपात बसवायची तर प्रवाह खालून वर जाणाराच हवा, नाहीतर पाकळी मिटतच नाही. पंपाच्या तोंडाला चिकटून बसवू नये. मध्ये पाइपाच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ लांबी ठेवावी, नाहीतर खळबळत्या प्रवाहात पाकळी सतत फडफडते आणि खीळ झिजते. पंप बंद झाल्यावर धाडकन आवाज येत असेल तर पाकळी उशिरा मिटते आहे: पाणी उलटं फिरल्यावर मिटते, म्हणून दणका बसतो.

चेकनट. एका नटावर दुसरा नट आवळून पहिल्याला सैल होऊ न देणं. पातळ नट आत, कामाला लागून. जाड नट बाहेर. बरेच जण उलट बसवतात. दुसरा नट आवळला की ओढीचा भार बाहेरच्या नटावर जातो, म्हणून जाड तिथे हवा. आवळताना आतला नट एका पान्याने धरून ठेवायचा. तो सोबत फिरला तर दोन्ही फक्त पुढे सरकतात, एकमेकांवर बसत नाहीत.

लाकडातला 'चेक' वेगळा. लाकूड वाळताना वाढीच्या वलयांना आडवी छेदत जाणारी भेग. ती आरपार गेली तर तिला 'स्प्लिट' म्हणतात, आणि दोन वलयांच्या मधून गेली तर 'शेक'.

दोन_ओळी
विमान कंपन्यांचं 'चेक्ड बॅगेज' मग तपासलेलं सामानच ना?

अर्थछटा
नाही! ही चूक सगळीकडे आहे. अमेरिकन रेल्वेत सामान सोपवलं की पितळी बिल्ला मिळे, त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्ला सामानाला अडकवत. त्या बिल्ल्याचं नाव 'चेक'. तेव्हा 'चेक्ड' म्हणजे बिल्ला घेऊन सोपवलेलं. हातातली पिशवीही तपासली जातेच, पण ती 'चेक्ड' नसते. मराठीत 'सोपवलेलं सामान' म्हणावं. बेसबॉलचा 'रेन चेक' ही याच जातीचा: पावसाने सामना बुडाला तर पुढच्या सामन्याला चालणारं तिकिटाचं अर्धुक.

'अनचेक्ड' तर फारच फसवा. वाढीबद्दल असेल तर बेलगाम, अर्जातल्या चौकटीबद्दल असेल तर खूण न केलेली, सामानाबद्दल असेल तर न सोपवलेलं, आणि आकड्याबद्दल असेल तर न पडताळलेला.

गणिती
आकड्यांच्या बाबतीत मराठीकडे नेमका शब्द आहे आणि आपण तो विसरत चाललो आहोत: ताळा. उत्तर बरोबर आलं का हे पाहणं म्हणजे ताळा पाहणं. 'चेक डिजिट' ला म्हणून 'ताळ्याचा अंक' म्हणावं.

पुस्तकाच्या १३ अंकी आयएसबीएनचा शेवटचा अंक हा ताळ्याचा. पहिले १२ अंक आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीला न्यायला जितके लागतील तो शेवटचा अंक. उदाहरण ९७८०३०६४०६१५. गुणून: ९, २१, ८, ०, ३, ०, ६, १२, ०, १८, १, १५. बेरीज ९३. शंभराला ७ हवेत, म्हणून शेवटचा अंक ७. एक अंक चुकला तर ताळा हमखास चुकतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा सापडतं. फक्त त्या दोन अंकांत ५ चा फरक असेल, जसं १ आणि ६, तर निसटतं. कारण गुणकांतला फरक २, दोन गुणिले पाच दहा, आणि दहाने बेरजेच्या एकंस्थानी काहीच बदलत नाही.

उंटतिरका
'ताळा' चपखल आहे. आणि 'चेक प्रजासत्ताक' चा यात काही संबंध नाही, कोणी विचारायच्या आधी सांगतो. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव.

काना_मात्रा
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचा दुसरा भाग आता माझ्यापुरता असा सुटतो. वाक्यात 'चेक' दिसला की आधी विचारायचं की इथे काही अडवलं जातंय का. झडप, नट, लगाम, सत्ता: इथे आळा, रोध, नियंत्रण. काही दुसऱ्याशी ताडलं जातंय का? तिथे ताळा, पडताळा, तपासणी. हातात काही खूण किंवा अर्धुक दिलं जातंय का? तिथे बिल्ला, पावती, सोपवणं. आणि चौकोन दिसत असतील तर चौकडा. पत्त्यांच्या पोकरमधला 'चेक' मात्र मला यात कुठेच बसवता येत नाही. पैसे न लावता डाव पुढच्याकडे द्यायचा, यात अडवणं कुठे?

घोडदौड
तिथेही थांबणंच आहे, फक्त स्वतःचं. मी या फेरीत हात आवरला, पण डाव टाकला नाही. पुढच्याने पैसे लावले की मला उत्तर द्यावंच लागतं: बरोबरी, वाढ किंवा माघार. पुन्हा तीनच मार्ग.